सरूबाईंच्या राबातल्या केशरी वाट्या

आमच्या जुन्नरच्या कॉलेजात समरीन आतार तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. आंबा-फणसासारखी सभ्य झाडं सोडून ही बाई शेवाळ आणि बुरशीच्या मागे. मी मराठीचा मास्तर, स्टाफरूममध्ये चिडवायचो, "मॅडम, माझ्या डब्यातल्या पावाला बुरशी आलीये, बघता का?" ती खरंच बघायची.

दोन वर्षांपूर्वी तळेघरला सरूबाईंच्या शेतात, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीच्या, म्हणजे राबाच्या, कडेला, तिला मसुरीएवढ्या केशरी वाट्या दिसल्या. जळक्या मातीवरच येणारी बुरशी. तज्ज्ञांनी कळवलं, जात नवी दिसते, पण एकदाच मिळालेल्या चार वाट्यांवर नाव देता येणार नाही, पुन्हा मिळवा.

पुढच्या जुलैत ती गेली, तर जागा शेणाने छान सारवलेली.

"मागं तुमी चिखलात गुडघं टेकलं व्हतं," सरूबाई म्हणाल्या. "लई वाईट वाटलं बघा. म्हून सारवून ठेवलं."

समरीनने चहा घेतला, आभार मानले आणि परतीच्या वाटेवर रडली. तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, सोडा आता. त्यावर तिने असं पाहिलं, की तास नसताना मी वर्गावर निघून गेलो.

यंदा सरूबाईंच्या मुलाने, गेणभाऊने, राब भाजणं बंद केलं. रोपं ट्रेमध्ये वाढवायचं ठरवलं. समरीनने त्याच्याकडून पाच हात जागा मागून घेतली. मे महिन्यात फांद्या, पालापाचोळा, शेण स्वतः वाहिलं. सरूबाई सांगत गेल्या, हिने राब भाजला, भुवया जाळून घेतल्या. निघताना एवढंच बजावलं, "आजी, या जागेला हात लावायचा नाही."

जुलैत दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला मीही गेलो. त्या जागेभोवती काट्यांचं कुंपण होतं आणि आत गुडघाभर तण. बाकी शेतात तणाची एक काडी नव्हती.

"येणारीजाणारी हसत्यात," सरूबाई म्हणाल्या. "म्हातारी आळशी झाली म्हणत्यात. हात लई शिवशिवला, पर उपटलं न्हाई."

समरीन चिखलात गुडघे टेकून तण हळूहळू बाजूला सारत गेली. मुळांशी केशरी वाट्या होत्या, ओंजळभर. माझे डोळे भरून आले.

सरूबाईंनी लुगडं सावरलं आणि तिच्या शेजारी चिखलात गुडघे टेकले.