सात पायऱ्या

नोंदवाले भाऊ चालताना ओठ हलवीत. हा तरुण नामस्मरण करतो, असे मला वाटले आणि त्या समजुतीनेच मी त्यांना आमच्या ओसरीवर राहावयास जागा दिली. प्रत्यक्षात ते पावले मोजत होते.

ते मूळचे वरोऱ्याचे. नागपुरास समाजशास्त्राचे एम.ए. करीत होते आणि खेड्यातील विषमता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी, एका आश्विनात, ते मूलजवळच्या आमच्या गावी आले. कोण कोणाच्या घरी कुठपर्यंत जातो, अंगणापर्यंत, ओसरीपर्यंत की उंबरठ्याच्या आत, हे पाहून ते प्रत्येक घराचा नकाशा वहीत काढीत. "पंडितजी, माणूस तोंडाने काहीही सांगतो," ते म्हणत, "पाय खोटे बोलत नाहीत."

गावाला हे रुचेना. पाटील एकदा ओसरीवर येऊन म्हणाले, "काऊन हो भाऊ, घराघराची मापं घेऊन राह्यले? सुतार हाय का तुमी?"

"हाव पाटील," भाऊ हसले, "पन दार बसवाले नाई आलो."

पाटील हसले नाहीत. भाऊंना गावातली दारे त्यानंतर मिटू लागली.

एके दिवशी ती वही ओसरीवर उघडी दिसली. पानावर आमचेच घर होते. तळ्याकडून वर येणाऱ्या सात दगडी पायऱ्या. सर्वांत खालच्या पायरीपाशी 'सोमा ढिवर', सर्वांत वर, देवघरात, 'कमळे'. तळ्यात मासे धरणारा सोमा रोज सकाळी तिथली कमळे श्रीहरीसाठी त्या पायरीवर ठेवून मागे सरे. मी प्रोक्षण करून ती वर नेत असे.

मी त्या पानावर बोट ठेवून भाऊंना म्हणालो, "हे पान फाडा. नाहीतर येथे राहता येणार नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. अर्धी वही अजून कोरी होती. ओसरी सुटली, तर प्रबंध सुटला. त्यांनी वही आणि टाक माझ्यापुढे सरकवला.

"मी फाडणार नाही. चुकले असेल ते तुम्ही खोडा. तेच खरे मानीन."

मी टाक उचलला, सोमाच्या नावावर टेकवला. चूक सापडेना. वही परत केली. शब्द मात्र परत घेतला नाही. भाऊंनी मला वाकून नमस्कार केला, वळकटी बांधली आणि ते सोमाच्या झोपडीत राहावयास गेले. नोंदी तेथूनच पुऱ्या झाल्या. गाव सोडल्यावर ते पुन्हा दिसले नाहीत.

ते गाव सोडून गेले त्या सकाळी मी सोमाला म्हणालो, "वर ये."

"नाई महाराज, मले इथीच बरं हाय." आणि तो आणखी दोन पावले मागे सरला.

तेव्हा मीच खाली उतरलो. कमळे त्याच्या हातून घेतली, प्रोक्षण केले नाही.

आता सोमाचा मुलगा कमळे आणतो, आणि मी अजून रोज उतरतो. उतरताना ओठ हलतात. पाहणाऱ्यास वाटते, म्हातारा नामस्मरण करतो.