हाक एकदाच

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाला काय बोललो याचं तुम्हाला नवल वाटायचं नाही. लोहाऱ्याच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. माझा थोरला भाऊ मेंढरं राखायचा. आम्ही दोघांनी मिळून एक खेळ तयार केला होता आणि त्यातल्या एका नियमावरून मी माझा भाऊ घालवला. लोकांचे भाऊ बांधावरून जातात, घराच्या भिंतीवरून जातात. माझा खताच्या पोत्यावर आखलेल्या एकोणपन्नास घरांवरून गेला.

ज्या वर्षी सगळं बंद होतं त्या वर्षीची सुरुवात. शाळा बंद, मी घरात वैतागलेला. मोबाईलवर उलटसुलट बघता बघता एका जपानी बुद्धिबळाची ओळख झाली. शोगी म्हणतात त्याला. आपल्या बुद्धिबळात मेलेलं प्यादं डब्यात जातं. या खेळात ते मरत नाही. ज्यानं मारलं त्याच्या हातात जातं, आणि तो ते आपलं म्हणून पटावर परत मांडतो. कालपर्यंत तुमच्या राजापुढं उभं असलेलं प्यादं आज तुमच्याच राजावर चालून येतं. मला हे इतकं भारी वाटलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. बायकोनं दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि पीठ मळायला उठली. मग मी दादाकडं गेलो.

दादाची मेंढरं तेव्हा गावाबाहेरच्या माळावर होती. दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून बसतात, तेवढे दोन तास मेंढक्याला मोकळे. त्या वेळात बाभळीखाली बसून मी त्याला सगळं समजावलं. त्यानं ऐकलं, कानावरची टोपी मागं सारली आणि म्हणाला, "ह्ये काय पटंना बग. आपलं जनावर आपल्याच अंगावर धावून यील व्हय?"

"दादा, खेळ आहे तो."

"खेळ असला म्हनून काय झालं?"

आठ दिवस तो त्याच प्रश्नावर अडून बसला. मग एके दिवशी मी पोचायच्या आत स्वतःच बोलला. "अणदूरचा खंडोबा बग. काही महिने अणदुरात, काही महिने नळदुर्गाच्या मैलारपुरात. तिकडं गेला म्हनून अणदूरकर त्याला फितूर म्हनत्यात का? जितं आसंल तितला. तसं धरलं तर बसतंय तुजं." असा देवाचा दाखला मिळाल्यावर खेळाला परवानगी मिळाली.

जपानी अक्षरं त्याला काय वाचता येणार, मलाच येत नव्हती. म्हणून सोंगट्यांना आम्ही आमची नावं दिली. राजाचा झाला धनी. तिरकं पळणारं कुत्रं, सरळ पुढं जाणारी काठी, उडी मारणारं घोडं, आणि एकेक पाऊल टाकणारी कोकरं. कोकरू पलीकडच्या टोकाला पोचलं की उलटं करायचं, त्याचा एडका होतो. जपानी पटावर एक्याऐंशी घरं असतात. दादा म्हणाला, एवढ्यात मेंढरं उठून पार दुसऱ्याच्या ज्वारीत जातील. मग सात बाय सात केला. कोळशानं रेघा मारल्या, पोतं गुंडाळलं की घोड्यावर टाकून कुठंही न्यायला सोपं.

पहिल्या सोंगट्या मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कापल्या होत्या. वाऱ्यानं उडायच्या. एकदा तर ऐन रंगात आलेल्या डावात दादाच्या शेळीनं माझा धनीच खाल्ला. मी शेळीवर दगड उचलला, तर दादा पोट धरून हसत म्हणाला, "तिला कशाला मारतोस? डाव तिनं जिंकला." मग त्यानंच तोड काढली. घरातल्या झिजलेल्या स्लीपरा गोळा केल्या आणि लोकर कातरायच्या कातरीनं त्यातून टोकदार तुकडे काढले. एक बाजू पांढरी, एक निळी. कोकराचा एडका झाला की उलटं टाकायचं, निळं दिसलं पाहिजे. टोक ज्या दिशेला, त्या धन्याचं जनावर. हे त्याला सांगावंही लागलं नाही. म्हणाला, "तोंड कुनीकडं हाय त्यावरनं कळतंयच की, कुनाच्या मागं चाललंय ते."

आणि मग त्यानं हाक आणली.

मेंढक्यांच्यात एक रीत आहे. तुमचं मेंढरू चुकून दुसऱ्याच्या कळपात शिरलं तर भांडायचं नाही, खुणा दाखवत बसायचं नाही. लांब उभं राहून हाक मारायची. मेंढरू मान उचलून तुमच्याकडं आलं तर तुमचं. नाही आलं तर मुकाट्यानं घरी जायचं. दादाचं म्हणणं होतं, हे खेळात पाहिजेच. दुसऱ्यानं धरून नेलेलं आपलं जनावर आपल्यावर सोडलं, तर धन्यानं एकदा तरी हाक मारायला नको का?

त्यानं दोघांना एकेक घुंगरू दिलं, त्याच्या जुन्या कुत्र्याच्या पट्ट्यातलं. समोरच्यानं तुमची सोंगटी तुमच्यावर मांडली की तुम्ही घुंगरू पटावर ठेवायचं, सोंगटीचं तोंड फिरवायचं, ती परत तुमची. त्या बदल्यात तुमची एक खेळी जाते.

पहिल्यांदा हा नियम चालेना. हाक पटावर कुठंही पोचायची, त्यामुळं धरलेली सोंगटी मांडायलाच दोघं घाबरायचे. हातात ढीग आणि पट मोकळा. मी चिडून म्हणालो, काढून टाकू. दादानं दोन दिवस विचार केला. "आवाज पोचंल तितवरच," म्हणाला. "धन्यापासनं दोन घरं." ते लागू केलं आणि खेळ असा काही बसला, की मी गणिताचा मास्तर असून गप्प झालो. शेवटी एकच सवाल उरला, हाक कितीदा. मी म्हणालो तीनदा. तो म्हणाला, "एकदाच. तीनदा मारली तर ती हाक न्हाय, बोंब हाय."

माझी हाक पहिल्या दहा खेळ्यांत संपायची. माझा स्वभावच तो. कोकरू जरी समोर आलं तरी मी घुंगरू आपटायचो. दादा आपलं मुठीत धरून बसायचा. मी शेवटचा घाव घालायला त्याचंच कुत्रं त्याच्या धन्याशेजारी ठेवलं, की हळूच मूठ उघडायचा. दर वेळी मी असाच हरायचो. तीन-चार वर्षं हरलो. शाळा सुरू झाली तरी रविवारी दुपारी मी माळावर असायचोच.

आता ते सांगतो, जे सांगायला मला लाज वाटते.

घरी तयार केलेल्या खेळांवर बोलणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथं मी आमचा खेळ टाकला. कोण कुठले लोक, त्यांनी वाखाणला. एकानं लिहिलं, खेळ छान आहे, पण ही हाकेची भानगड काढली तर जास्त सुटसुटीत होईल. मला ते लगेच पटलं. खरं तर पटलं नव्हतं. हाक काढली की मी दादाला हरवू शकेन, हे मनात होतं. मी नियम नव्यानं लिहिले, हाक काढली, आणि खाली रचनाकार म्हणून एकट्याचं नाव घातलं. भाद्रपदातल्या एका रविवारी तो कागद घेऊन माळावर गेलो आणि बाभळीखाली मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना छाती फुगली होती माझी.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आन् हाक?"

"काढली. गरज नाही तिची."

"कुनी सांगितलं?"

"जाणकार लोकांनी."

तो म्हणाला, "हाकेबिगर हा खेळ आपला कसा? मग त्यो त्यांचाच की." बरोबर बोलला होता. म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दादा, तुम्हाला काय कळतं त्यातलं? मेंढरं राखणं वेगळं आणि खेळ रचणं वेगळं."

त्यानं एकेक तुकडा वेचून पिशवीत टाकला, पोतं गुंडाळलं. उठताना म्हणाला, "बरुबर हाय. तुम्ही सर हाव." जन्मभर मला बारक्या म्हणणारा माणूस. मी गाडीला किक मारली आणि निघून आलो. माझं घुंगरू माझ्या खिशातच राहिलं होतं, ते टेबलाच्या खणात फेकून दिलं.

महिन्यानं दसरा आला. आमच्यात धाकट्यानं थोरल्याच्या दारात जाऊन सोनं द्यायचं, पाया पडायचं. आपट्याची पानं हातात घेतली की वर्षाची भांडणं तिथं संपतात, त्यासाठीच तो सण. मी गेलो नाही. मी काय केलं, तर सोन्याच्या पानांचं एक चित्र पुतणीच्या मोबाईलवर पाठवून दिलं. खाली लिहिलेलं होतं, सोन्यासारख्या माणसांना सोनेरी शुभेच्छा. शंभर जणांना पाठवलं तेच. गावातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना मात्र चालत जाऊन सोनं दिलं. मुख्याध्यापकांच्या घरी बसलो असताना दादाचा फोन येऊन गेला. मला घरी आल्यावर दिसलं. परत लावला नाही. म्हटलं, करेल पुन्हा, गरज असली तर. तो फोन पुन्हा आला नाही.

दसरा झाल्यावर मेंढरं खाली गेली, उमरग्याच्या पुढं कर्नाटकच्या अंगाला. दर वर्षीचंच ते. हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी वहिनींचा फोन आला. छातीत दुखतंय म्हणून उमरग्याच्या दवाखान्यात आणलंय, तुम्ही या. माझी गाडी दुरुस्तीला टाकलेली होती, मी स्टँडवर आलो तर एसटी नुकतीच गेलेली, आणि जीप भरल्याशिवाय हलेना. चार माणसं कमी होती. मी आयुष्यभर क्षुल्लक गोष्टींवरून लोकांच्या अंगावर गेलोय. त्या दिवशी ड्रायव्हरची गचांडी धरायची, सगळ्या सीटा माझ्या म्हणायचं, ते सोडून मी खिडकीशी मुकाट बसून राहिलो. दादाला भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, याची जुळवाजुळव करत होतो. माफी मागायची, का आधी तब्येत विचारायची. पोचलो तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढली होती.

तेरावा झाल्यावर वहिनींनी पिशवी आणून माझ्यापुढं ठेवली. आत पोतं, स्लीपरांचे तुकडे. कोळशाच्या रेघा पुसट झाल्या होत्या, त्या त्यानं निळ्या रंगानं परत मारल्या होत्या.

"रोज दुपारी आंथरायचे," वहिनी म्हणाल्या. "एकलेच खेळायचे. तुमच्या बाजूनं बी त्येच. मी म्हनायची, भाऊजींच्या बाजूचं घुंगरू कुटं हाय, तर म्हनायचे, त्याच्यापाशी हाय."

"आणि त्यांचं?"

वहिनींनी कनवटीतून काढून माझ्या हातावर ठेवलं. "दवाखान्यात नेताना मुठीत हुतं."

मी विचारलं, दसऱ्याला फोन कशासाठी केला होता. खरं तर विचारायला नको होतं.

"तुमाला बोलवायला. पोळ्या केल्या हुत्या तुमच्यासाठी. तुमी उचलला न्हाय. मी म्हनलं, परत लावा, कामात आसतील. तर म्हनले, न्हाय. हाक एकदाच आसती. माजी मारून झाली, आता त्याची राहिलीया." त्या पदरानं डोळे पुसत होत्या. "रोज वाट बगायचे हो भाऊजी. जीप थांबली की उठून बगायचे."

माझी हाक राहिली होती. चार महिने टेबलाच्या खणात पडली होती. जो माणूस पहिल्या दहा खेळ्यांत ती उधळायचा, त्यानं नेमकी याच डावात सांभाळून ठेवली.

मी उठलो आणि मेंढरांच्या वाड्याकडं गेलो. काट्यांच्या कुंपणाआड दादाची मेंढरं होती, तो गेल्यावर माघारी आणलेली. आमच्या दोघांचा आवाज एकच होता, फोनवर वहिनीसुद्धा फसायच्या. त्याची हाक मला पाठ होती. घशातून ओढून काढलेला लांब सूर, आणि शेवटी जीभ टाळ्याला लावून दोनदा टकटक. मी तशी मारली. सगळ्या कळपानं एकदम माना वर केल्या. पुढची दहा-बारा मेंढरं कुंपणापर्यंत पळत आली. मला बघितलं, आणि थांबली.

मी परत हाक मारली. मग परत. आमच्या नियमात एकच होती, मी नियम मोडून मारत राहिलो. किती वेळ, मला ठाऊक नाही. एकेक मेंढरू तोंड फिरवून आत जात होतं, तरी मी मारतच होतो.

वहिनी मागून आल्या. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. म्हणाल्या, "भाऊजी, बास करा आता. मेंढरं बुजत्यात."