रद्दीतली पिढी

आजची तरुण पिढी माझ्या मामाइतकी उभ्या महाराष्ट्रात कुणाला समजली नसेल. निदान मामाचं तरी तसं ठाम मत होतं. मामा सावद्याचा केळीचा व्यापारी. घड नुसता पाहून तो किती दिवसांत पिकेल हे सांगणारा. त्याच्या वखारीत केळीच्या फण्यांमधे घालायला रद्दी येते, आणि त्या रद्दीत शहरी पोरापोरींसाठी निघणारी संगीताची गुळगुळीत मासिकं असतात. कामगार पान फाडणार तेवढ्यात मामा ओरडायचा, "थांब! माहं वाचायचं हाये ते!" मग चष्मा कपाळावर, मासिक थेट नाकाला. या अभ्यासातून त्याने पोरांचे चार वाण काढले होते: रागावलेले, प्रेमात कोसळलेले, डोळ्यांवर केस सोडलेले आणि आईबापांशी न बोलणारे. पाचवा वाण नाही! माझ्या लग्नात त्याने माझ्या एका मित्राला अर्धा तास धीर दिला, का तर बिचाऱ्याने काळा शर्ट घातला होता. मित्र मुकाट्याने जिलबी खात ऐकत राहिला.

पण घरातच गोची झाली. त्याची मुलगी मनीषा यातल्या कशातच बसेना. केसांना तेल लावी, आईबरोबर राबे आणि संध्याकाळी वखारीमागे बसून आपल्या बोलीत गाणी रचून गाई. दार म्हणून कधी आपटलं नाही. मामाने मला जळगावला फोन केला, "इले राग कसा येत नाही रे? डॉक्टरले दाखवू का?"

आणि तशाच एका मासिकाचं बोलावणं आलं. मनीषाचं गाणं मोबाइलवर फिरत त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मुखपृष्ठावर फोटो, आत मुलाखत! तिथे झळकलं की कुणीतरी आपलं गाणं नीट रेकॉर्ड करेल, एवढंच पोरीच्या डोक्यात. धीर यायला मामाने मलाही बोलावून घेतलं.

वखारीवर येऊन फोटोवाल्याने तिचे केस सोडायला लावले, तिला केळीच्या ट्रकवर चढवलं आणि म्हणाला, "आता रागाने बघ. सगळ्या जगावर राग! मथळा ठरलाय, 'खानदेशची बंडखोर'."

"पण माझं गाणं आईच्या हातांवर आहे," मनीषा म्हणाली. "केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत ना, त्यांच्यावर."

"ते आत छापू. तू राग दे."

तिला जमेना. फोटोवाला घड्याळ पाहू लागला. नसेल जमत तर दुसरी मुलगी तयार आहे, म्हणाला. मामा खालून कळवळून ओरडला, "कर ना माय थोडा राग! त्या पुस्तकातल्या पोरी कशा करतात!"

मनीषाने बापाकडे पाहिलं. ओठ घट्ट, डोळे भरलेले. "आबा, मले उतरवा."

मामा चपला काढून ट्रकवर चढला. तिचे केस स्वतः बांधू लागला. बांधता कुठले येतात! "राहू द्या साहेब," तो फोटोवाल्याला म्हणाला, "मले वाटे, सारे पोरं असेच असतात."

मुखपृष्ठ गेलं. मनीषा दोन दिवस धड जेवली नाही, मामाही नाही. रद्दी वाचणं त्याने बंदच केलं.

परवा मी वखारीत असताना गठ्ठ्यात तोच अंक निघाला. मुखपृष्ठावर दुसरीच मुलगी, केस मोकळे, डोळ्यांत सगळ्या जगावरचा राग. मामा आता तो टरकावणार, असं मला वाटलं. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि किती तरी वेळ पाहत राहिला.

"इचा फोटो काढला," त्याने हळूच विचारलं, "तवा इचा बाप होता का रे जवळ?"