शेगडीवरचा डांबराचा डबा

मयुरा, लिही बाई. तुझे आजोबा, गुणवंत, दिल्लीत रस्त्यांच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. साहेब नव्हते, मदतनीस. पण डांबराचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा तर यांनीच, साहेबसुद्धा यांना हाक मारायचे. मला एकदा दाखवलं होतं. काळ्यात पिवळे कण, बाजरी सांडल्यासारखे. म्हणाले, "डांबरात रबरासारखं मिसळतात, ते हे. सारखं पसरलं तर रस्ता टिकतो. गोळा झालं तर उन्हात मऊ पडतो, थंडीत तडकतो."

शहाण्णव साल असेल. द्वारका नवी नवी होत होती, जिकडे बघावं तिकडे रस्ते. तुझा बाबा विनायक सहावीत. तिथे डांबर टाकणाऱ्या एका ठेकेदाराचा माणूस, आमचा माल पास करा म्हणून, यांच्याकडे यायला लागला. गोड बोलायचा. एक दिवस म्हणाला, "बाबूजी, बेटा कौन से स्कूल में है?" एवढंच. हे घरी आले ते पाणीसुद्धा न पिता बसून राहिले.

त्या शनिवारी त्या ठेकेदाराच्या डांबराच्या नमुन्याचा डबा घरी घेऊन आले. नियमात नव्हतं ते. "तिथे ठेवला तर बदलतील," म्हणाले.

रविवारी हे भाजीला गेले, ते संध्याकाळीच परतले. डबा दगडासारखा घट्ट. सोमवारी तपासायच्या आधी तो पातळ करायचा असतो, एवढं मला ठाऊक. थंडीत तूप थिजलं की शेगडीवर ठेवतो ना आपण, तसा मी बाल्कनीत निखाऱ्यांवर ठेवला, दुपारभर. वाटलं, यांचं काम हलकं केलं. यांचं नाक सर्दीनं बंद, वास काही कळला नाही.

सोमवारी प्रयोगशाळेतून आले. चेहरा पांढरा. "अगं, रबर सगळं वर आलंय, दुधावर साय यावी तसं. माल खराब आहे. उद्या माल नापास म्हणून कागदावर सही करतो, मग होईल ते होईल."

साय म्हटलं आणि मला माझी शेगडी आठवली. मी विचारलं, "अहो, चांगलं डांबर तापवलं आणि ढवळलंच नाही, तर?"

"तर त्यातलंही वर येतं. का गं?"

काय सांगू? सांगितलं तर डबा घरी आणला म्हणून नोकरी जायची. गप्प बसले तर माझ्या चुकीपायी खोटी सही, आणि त्या माणसाला माझं पोर माहीत. तव्यावरची पोळी जळाली. मग सांगितलं सगळं.

ओरडले नाहीत. "सही करणार होतो मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन खरं सांगितलं. मेमो मिळाला. मग साहेबांबरोबर द्वारकेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांसमोर नवा डबा भरून घेतला. मी विनायकला शाळेत पाठवलं नाही. दिवसभर बाल्कनीत उभी. स्कूटर वाजली की वाकून बघायचे.

सहाला आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "तुझ्या शेगडीचा दोष नाही. यातही गोळेच गोळे आहेत."

म्हणजे माल खरंच खराब होता. मी म्हटलं, "मग?"

"नापासाची सही केली."

दुसऱ्या दिवसापासून विनायकला शाळेत सोडायला मी जायला लागले. आणायलाही मीच. आठवीपर्यंत. तो म्हणायचा, "आई, यार, सगळे हसतात, हात तरी सोड." नाही सोडला. तो माणूस परत कधी दिसला नाही. पण दिसणार नाही हे मला तेव्हा कोण सांगणार होतं?