नमुना सात

मी औरंगाबादच्या एका शाळेत अकरावी-बारावीला शिकवायचे, आणि वरून आमच्या मोहल्ल्याच्या मतदार यादीचं कामही माझ्याच गळ्यात होतं. "मॅडमची घरी वाट बघायला कोण आहे?" असं स्टाफरूममध्ये सगळे हसत हसत म्हणायचे. खरंच होतं ते, म्हणूनच झोंबायचं.

त्या वर्षी अठरा झालेल्या मुलींचे फॉर्म शाळेतच भरून घेतले. घरातल्या एका मतदाराचा कार्ड नंबर लिहावा लागतो. माझ्याच मोहल्ल्यातली एक पोरगी अम्मीचं कार्ड घेऊन आली. मी म्हटलं, "अम्मीला सांग, फोटो लई जुना झालाय."

"अम्मी गुजर गई, मॅडम. तीन साल झाले."

मी उखडलेच. "अगं, मग नाव अजून यादीत कसं? मी घरी विचारायला आले तेव्हा कुणी सांगितलं का नाही? अब्बूंचा नंबर लिही. आणि हा घे नमुना सात, नाव कमी करायचा. मेलेल्या माणसाच्या नावावर उद्या कुणी मत टाकून गेलं म्हणजे?"

तिनं कागद हातातच घेतला नाही. "अम्मीचं काढणार असाल तर माझंबी टाकू नका. तिचे कपडे वाटले, मोबाईल नंबर बंद झाला. आता एवढंच राहिलंय."

त्याच यादीत माझ्या नावाच्या वर आमच्या ह्यांचं नाव होतं. हे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरोघर फिरून लोकांची गेलेली माणसं मी कमी करायचे, आणि स्वतःच्या दाराशी आले की वही मिटायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! यादीत दोन नावं आहेत म्हणजे घरात दोन माणसं आहेत, असं आपलं माझं वेड.

तिला सगळं सांगून टाकलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "चला, दोघी मिळून भरू. पहले तुम्ही."

पोरगी भलतीच आगाऊ! पण मी भरला. कारणाच्या रकान्यात मी 'मृत्यू' लिहीत होते तेव्हा पंख्यानं उडणारा कागद तिनं दाबून धरला. मग तिनं अम्मीचा भरला, आणि शेवटी स्वतःच्या नावाचा.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या देत बसले होते. ती बोटाची शाई मिरवत आली. "यादीतलं अम्मीचं पान दाखवा ना."

कमी केलेलं नाव लगेच पुसत नाहीत, त्यावर आडवं 'वगळले' छापतात. "नाव तर आहे की!" म्हणून ती हसली, डोळेही पुसले. "आणि तुमच्या घरचं?"

मी पान उलटलं. तिनं शाईचं बोट ठेवून ह्यांचं नाव, वडलांच्या नावासकट, मोठ्यानं वाचलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि घरात दुसरं घेणारं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा कानावर पडलं.

"परत एकदा वाच गं," मी म्हटलं.