वाणात आलेली भांडी

आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, कोरेगावची शेती भावाकडं ठेवली आणि सांगलीत एक घर विकत घेतलं. पलटण सुटली, पण डोक्यातून काही गेली नाही. नगरपालिकेनं घरपट्टी बसवताना आमचा मागचा गोठा खोली म्हणून धरला. आबांनी सुवाच्य अक्षरात अर्ज दिला. अर्ज एकदा वर गेला की निकाल लागेपर्यंत खालचं कुणी बोटसुद्धा हलवत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळं पट्टीची नोटीस आली की ते नवा अर्ज लिहायचे आणि निवांत चहा प्यायचे.

आई म्हणायची, "आवं, पट्टी भरा, अर्ज मागनं करा."

"अर्ज चालू हाय. तुला न्हाई कळायचं."

गौरी-गणपती उरकले आणि जप्ती आली. रांधायची चार भांडी आणि अंथरुणं सोडून सगळं लिलावासाठी ओट्यावर मांडलं गेलं. त्यात आईच्या रुखवतातली पितळेची भांडीही होती, प्रत्येकावर तिचं नाव कोरलेलं. आईला वाटलं होतं, बाजारातला मोडवाला येईल, मोडीच्या भावानं एकदम उचलून नेईल, निदान डोळ्यांआड तरी होतील. पण बोली लावायला पुढं झाले ते गल्लीतलेच पुरुष. शेजारच्या काकूंच्या मालकांनी घागर घेतली, समोरच्यांनी परात. मोडवाला हात हलवत गेला. आईनं एकेकाकडं असं बघितलं की मलाच त्यांची दया आली.

तेवढ्यानं थकबाकी फिटली नाही. दिवाळीनंतर घरही लिलावात गेलं आणि आम्ही माधवनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. मी तेव्हा अकरावीला होते. आबा तिसऱ्याच दिवशी खुशीत. म्हणाले, "हितली घरपट्टी मालक भरतोय." आई हसली नाही. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, एवढंच ती म्हणाली.

संक्रांत झाली आणि शेजारच्या काकू एसटीनं आमच्या दारात हजर. आईला कुंकू लावून त्यांनी हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. सवाष्णीनं असं बोलावणं मोडायचं नसतं. आई मला सोबत घेऊन निघाली.

काकूंकडं बाकीच्या बायकांना वाण म्हणून एकेक फणी मिळाली. आईची पाळी आली तशा काकू आत गेल्या आणि आमची घागर घेऊन आल्या. चिंचेनं घासून लख्ख केलेली, आत मूठभर तिळगूळ.

आई मागं सरली. "ह्ये काय?"

"वाण हाय. वाणाला न्हाई म्हनत्यात व्हय?"

"तुमी पैसं मोजल्यात काकू."

"मग? तुजं नाव मोडवाल्याच्या पोत्यात जाऊ द्यायचं हुतं?"

आईनं पदर पुढं केला. त्या दुपारी गल्लीतली हळदीकुंकवाची पाच घरं झाली आणि पाच भांडी परत आली. शेवटी टांगा करावा लागला. परात मांडीवर घेऊन आई टांग्यात हसत होती आणि डोळे पुसत होती. "चार महिने मी मनात काय काय शिव्या दिल्या गं त्यांना," ती म्हणाली. मला तर त्या टांग्यातून उतरूच नये असं वाटत होतं.

आबा दारातच उभे होते. भांडी बघून त्यांना चेव आला. "आरं वा! वाणात घरबी दिलं असंल की!"

आईनं घागर खाली ठेवली. "दिलं असतं. पन त्याच्यावर माजं नाव न्हवतं."

आबांचं हसू तिथंच थांबलं. मग त्यांनी परात उचलून आत नेली.

दोन-तीन वर्षांनी माधवनगरातच आमचं छोटं घर झालं. कागद करताना आबांनी मालक म्हणून आईचं नाव घातलं. त्याची पट्टी आई स्वतः जाऊन भरायची, आणि आबांना अर्ज लिहायला कागद मिळायचा तो पावती हातात आल्यावरच.