लेखी द्या

गृहकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या कोल्हापूर शाखेत मी चार वर्षं काउंटरवर बसत होते. शाहूपुरीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. कर्ज मागायला येणाऱ्यांना साहेबांच्या केबिनमध्ये चहा मिळायचा. तक्रार घेऊन येणारे माझ्याकडे यायचे.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा खुशीत होते. गडहिंग्लजचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "म्याडम, आता आमचं खरेदीपत्र द्या." कर्ज घेताना घराचं मूळ खरेदीपत्र कंपनीकडे ठेवायचं, कर्ज फिटलं की ते परत घ्यायचं, एवढं साधं काम.

मी संगणकात पाहिलं. त्यांचं कर्ज मुळात दुसऱ्याच एका छोट्या कंपनीचं होतं. आमच्या कंपनीने मध्यंतरी त्या कंपनीची सगळी कर्जं आपल्याकडे घेतली होती आणि कागद कुठल्याशा गोदामात गेले होते. "पंधरा दिवसांत येतील, काका," मी म्हणाले. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

पंधरा दिवसांनी ते आले. मग पुढच्या आठवड्यात आले, मग त्याच्या पुढच्या. दोन तासांची एसटी आणि वर आमचे जिने. त्यांना मागे एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मधल्या वळणावर ते थांबायचे आणि मला आत बसून त्यांची धाप ऐकू यायची. चौथ्या खेपेला मी पाणी दिलं तेव्हा त्यांनी घाईचं कारण सांगितलं.

"घर माझ्या नावावर हाय, पण बांधलंय तिच्या म्हशींनी. माझा पगार घरात आणि पोरींच्या शिक्षणात जायचा. हप्ता सगळा दुधातनं. आता माझं ह्ये असं. माझ्या माघारी तिला कुणी काय बोलू नये, म्हणून घर तिच्या नावावर करतोय. वकील म्हणतोय, आधी मूळ कागद आण."

त्या दिवशी मी मुख्य कार्यालयाला जरा जोर लावून मेल केला. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. फाइल सापडत नाही.

मी ते साहेबांना दाखवलं. ते वाईट माणूस नव्हते. दर महिन्याला वरून फोन यायचा आणि त्या फोननंतर ते तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. "हे त्यांना सांगू नका," ते म्हणाले. "शोध चालू आहे म्हणा. आणि लेखी काही घेऊ नका. लेखी आलं की आपल्या शाखेच्या नावावर तक्रार लागते."

मी ऐकलं. पुढच्या तीन खेपांना, सगळं ठाऊक असताना, मी "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिले. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

आठव्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. उंच बाई, नऊवारी, हातात कापडी पिशवी. ती माझ्यापाशी थांबलीच नाही, सरळ केबिनमध्ये गेली.

"पावणं, तुमच्या घराचा कागद तुम्ही कुटं ठेवलाय?" तिनं साहेबांना विचारलं.

"कपाटात," साहेब गोंधळून म्हणाले.

"मग आमचा कुटं हाय?"

"तुमचा प्रोसेसमध्ये आहे, मावशी."

"प्रोसेस म्हंजे कुटल्या गावाला?"

साहेबांनी खाली मान घालून कागद चाळल्यासारखं केलं. नवरा मागून हळूच म्हणाला, "चल गं, त्यांच्या हातात काय न्हाय." दोघं जिना उतरू लागले. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. मी पर्स उचलली आणि त्यांच्या मागे गेले.

खालच्या चहाच्या गाड्यापाशी मी त्यांना गाठलं. फाइल सापडत नाही, हे सांगून टाकलं. मग मी म्हणाले, "काका, यापुढे तोंडी काही बोलू नका. लेखी द्या. दोन प्रती करा आणि एकीवर आमचा शिक्का, तारीख, सही घ्या."

"तू तर रोज तिथं बसतीस," काका म्हणाले. "तुला सांगितलेलं चालत न्हाय व्हय?"

"ते कुठंच नोंदलं जात नाही."

"म्हंजे आठ खेपा मारल्या, त्या कुठंच न्हाईत?"

"नाहीत," मी म्हणाले. त्यांनी चहाचा ग्लास न पिताच गाड्यावर ठेवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

बायकोनं विचारलं, "खेपांच्या तारखा लागतील?" त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोजचं दूध लिहायची. नवरा ज्या दिवशी कोल्हापूरला गेला त्या चौकोनात तिनं 'को' लिहून ठेवलं होतं. आठही तारखा मिळाल्या.

काय लिहायचं ते मी सांगितलं. कर्जाचा क्रमांक, शेवटचा हप्ता कधी भरला, कर्ज घेताना कोणकोणते कागद दिले त्याची यादी, आणि आपल्याला नेमकं काय हवंय. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि चूक कंपनीची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाची भरपाई द्यायची, असा नियम आहे, तोही लिहा म्हणाले. त्यांना तो माहीत नव्हता. आमच्या शाखेत तो भिंतीवर लावलेला होता, कपाटाच्या मागे.

पुढच्या सोमवारी ते पत्र घेऊन आले. रेघांच्या कागदावर, नीट मुद्दे पाडून लिहिलेलं. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं बिघाडाच्या नोंदी लिहिलेला माणूस. आमच्या कंपनीतून असं स्वच्छ पत्र कधी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. साहेब बाहेर गेले होते. मी शिक्का मारला, सही केली, प्रत परत दिली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "त्यांना हे कुणी शिकवलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. नोकरी मला हवी होती.

महिनाभरात कंपनीचं एक गुळमुळीत उत्तर गेलं. काकांनी ते जोडून मुख्य कार्यालयाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. तिथूनही काही ठोस आलं नाही, तेव्हा गडहिंग्लजच्या सेवा केंद्रात बसून त्यांनी गृहकर्ज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे तक्रार भरली. शिक्क्याची प्रत, दोन्ही पत्रं, कॅलेंडरच्या पानांचे फोटो, सगळं जोडलं. तीन आठवड्यांनी आमच्या शाखेतला फोन सकाळपासून वाजायला लागला. ज्या मुख्य कार्यालयाने मला एक ओळ पाठवली होती, तिथलेच लोक आता दिवसातून चारदा त्या फाइलची चौकशी करत होते.

मूळ खरेदीपत्र शेवटपर्यंत सापडलं नाही. कंपनीला पोलिसांत कागद हरवल्याची नोंद करावी लागली, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढून द्यावी लागली. कागद आमच्याकडून हरवले, असं पत्र दिलं. खर्च कंपनीचा. भरपाईसाठी काकांना आणखी दोन पत्रं लिहावी लागली, पण तीही मिळाली.

नक्कल घ्यायला ते आले तेव्हा बराच वेळ ती चाळत उभे राहिले. मूळ कागदावर त्यांचा खरेदीच्या वेळचा फोटो होता, मिशा काळ्या असतानाचा. नकलेत तिथं नुसता काळा डाग उमटला होता. "ह्यात मी कुठं दिसतोय?" ते म्हणाले, आणि कागद जपून पिशवीत घातला.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. बक्षीसपत्र झालं होतं, घर तिच्या नावावर लागलं होतं. "आता ह्यांनी जास्त बोललं तर घरातनं बाहेर काढायला मोकळी झाले," ती म्हणाली. मागे काका हसताना ऐकू आले.

मी म्हणाले, "काकू, मी हे पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "सांगायला पायजे होतंस की." मग तिनं विचारलं, सुट्टी कधी असते, जेवायला कधी येतीस.